सीमाशुल्काचा दर कोण ठरवतो?

सीमाशुल्काचा कायदा हा आयात-निर्यात करणारे व्यापारी, बंदरावरचे दलाल आणि त्यांचे वकील यांचा विषय आहे, कामगार-शेतकऱ्यांच्या चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य, असा समज श्रमिक चळवळीतही बऱ्याच ठिकाणी रुजलेला आहे. मजुरी, बोनस, हमीभाव, रेशन या प्रश्नांवर जो कार्यकर्ता तासन्‌तास बोलू शकतो, तोच अर्थसंकल्पातील सीमाशुल्काची पाने न वाचता उलटून टाकतो. हा समज फार महागात पडलेला आहे. किती महागात, याची साक्ष हवी असेल तर बेंगळुरू शहराकडे पाहावे.

बेंगळुरूला समुद्र नाही. मंगळूर काय किंवा चेन्नई काय, दोन्ही बंदरे शेकडो किलोमीटर दूर. तरीही देशाची सीमा या शहराच्या मधून जाते. कारण कायद्याच्या दृष्टीने परदेशी मालाची सीमा नकाशावरच्या रेषेवर नसते. जिथे शुल्क भरून माल मोकळा होतो, तिथे ती असते. देशातील पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो १९८१ मध्ये बेंगळुरूलाच सुरू झाला. विमानतळावरील मालवाहतुकीचे संकुल ही या शहराची दुसरी वेस. या दोन वेशींतून काय आत येते आणि काय बाहेर जाते, यावर गेल्या चार दशकांत येथील लाखो श्रमिकांचे भवितव्य ठरत आले आहे. सीमाशुल्काच्या दरपत्रकात पन्नासावे प्रकरण रेशमाचे आहे, बावन्नावे कापसाचे, एकसष्टावे व बासष्टावे तयार कपड्यांचे, पंच्याऐंशीवे टेलिफोन व विद्युत उपकरणांचे आणि एक्क्याण्णवे घड्याळांचे. ही प्रकरणे एकापुढे एक ठेवली तर बेंगळुरूच्या कामगारवर्गाचा इतिहासच डोळ्यांपुढे उभा राहतो.

कायदा काय म्हणतो

या क्षेत्रातील मुख्य कायदे दोन. १८७८ चा ब्रिटिश अमदानीतील सागरी सीमाशुल्क कायदा रद्द करून आलेला १९६२ चा सीमाशुल्क कायदा हा पहिला आणि १९७५ चा सीमाशुल्क दरपत्रक कायदा हा दुसरा. पहिला कायदा शुल्क कसे आकारावे, माल कधी अडवावा, कधी जप्त करावा हे सांगतो. दुसरा कोणत्या मालावर किती शुल्क, याची यादी देतो. बाहेरून आलेल्या प्रत्येक मालाला चार प्रश्न विचारले जातात. हा माल कोणता? त्याची किंमत काय? दर किती? आणि त्याला काही सूट आहे काय? प्रश्न साधे दिसतात, पण प्रत्येकाच्या उत्तरात वर्गीय हितसंबंध दडलेले आहेत.

माल कोणता, हा प्रश्न घ्या. मोटारीच्या सुट्या भागांवर शुल्क कमी आणि जुळणीसाठी तयार अशा संपूर्ण संचावर जास्त, असा फरक असतो. अख्खी मोटार निरनिराळ्या पेट्यांतून आणून ती सुटे भाग म्हणून दाखवली, असा आरोप ठेवून सीमाशुल्क खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगनच्या भारतीय कंपनीला सुमारे १४० कोटी डॉलरची नोटीस बजावली. कंपनीने हा आरोप अमान्य करून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. किंमत काय, हा दुसरा प्रश्न. कायद्याचे कलम १४ सांगते, की खरेदीदाराने विक्रेत्याला प्रत्यक्ष दिलेली किंमत धरावी. पण खरेदीदार आणि विक्रेता ही एकाच बहुराष्ट्रीय कंपनीची दोन अंगे असतील तर? मालाची किंमत कमी दाखवून उरलेला पैसा स्वामित्वधनाच्या नावाने परदेशी पाठवता येतो. बेंगळुरूला मुख्यालय असलेल्या शाओमी इंडिया कंपनीकडे महसूल गुप्तचर संचालनालयाने जानेवारी २०२२ मध्ये ६५३ कोटी रुपयांच्या शुल्काची मागणी केली, ती नेमकी याच मुद्द्यावर. स्वामित्वधन व परवाना शुल्क मालाच्या किमतीत धरले गेले नाही, असा खात्याचा दावा होता. नोटीस म्हणजे अंतिम निकाल नव्हे. पण २०११ पासून आयातदाराने आपले शुल्क आपणच मोजून भरायचे, अशी पद्धत कायद्याने घातलेली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे मोठ्या कंपन्यांना किती मोकळीक आहे याची कल्पना येते. मजुराच्या हजेरीपटावर मिनिटांचा हिशेब ठेवणारी व्यवस्था कोट्यवधींच्या आयातीचा हिशेब आयातदाराच्याच शब्दावर प्रथम मान्य करते.

परंतु खरी किल्ली चौथ्या प्रश्नात आहे. दरपत्रकातील दर संसद मंजूर करते हे खरे. मात्र सीमाशुल्क कायद्याचे कलम २५ केंद्र सरकारला असा अधिकार देते, की ‘लोकहितार्थ’ आवश्यक वाटल्यास अधिसूचना काढून कोणत्याही मालाला पूर्ण किंवा अंशतः सूट द्यावी. व्यवहारात आयातीचा मोठा भाग संसदेने ठरवलेल्या दराने आत येत नाही. तो अधिसूचनेतील दराने येतो. ३० जून २०१७ रोजी काढलेल्या एकाच अधिसूचनेत अशा सवलतींच्या सहाशेच्या आसपास नोंदी होत्या. या अधिसूचना पुढे संसदेच्या पटलावर ठेवल्या जातात. तोवर माल बंदरात उतरलेला असतो, बाजार कोसळलेला असतो. राज्यघटनेचे कलम २६५ कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवू देत नाही. पण कर उठवून लाखोंच्या पोटावर पाय देण्यासाठी मात्र खात्याच्या सहीचा एक कागद पुरतो. ‘लोकहित’ या शब्दातला लोक कोण, हा प्रश्न त्या कागदावर विचारलेला नसतो.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि मराठी वाचकाला तो परका नाही. लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दडपणाखाली ब्रिटिश सरकारने १८८२ मध्ये विलायती कापडावरील आयातशुल्क उठवले. पुढे तिजोरीच्या गरजेपोटी ते पुन्हा बसवावे लागले, तेव्हा १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवून मुंबईच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर लादण्यात आला. महाराष्ट्रात त्यावर संतापाची लाट उठली. हा अबकारी कर जायला १९२५ साल उजाडले, आणि त्याच वर्षी मालकांनी कपात पुढे करताच मुंबईच्या गिरणी कामगारांना संपावर जावे लागले होते. राज्यसत्ता ज्याची, जकातीचा दर त्याचा, हा धडा त्या पिढीने स्वतःच्या अनुभवातून घेतला होता.

घड्याळ आणि टेलिफोन

स्वातंत्र्यानंतर बेंगळुरूला सार्वजनिक उद्योगांची मालिका उभी राहिली. १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स, १९६४ मध्ये भारत अर्थ मूव्हर्स. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मूळ तर १९४० पासूनचे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळे तयार होऊ लागली. त्यांतील एका घड्याळाचे नावच ‘जनता’ होते. गावोगावच्या शिक्षकाच्या, पोस्टमनच्या, गिरणी कामगाराच्या मनगटावर ते दिसू लागले.

हे उद्योग उभे राहिले ते सीमाशुल्काच्या आणि आयात परवान्यांच्या आडोशाने. १९६२ च्या कायद्याचे कलम ११ आयातीवर बंदी वा निर्बंध घालण्याचा अधिकार देते आणि ज्या हेतूंसाठी तो वापरावा त्यांची यादीही देते. त्या यादीत ‘एखाद्या उद्योगाची स्थापना’ आणि ‘देशी उत्पादनाची गंभीर हानी टाळणे’ हे दोन्ही हेतू स्पष्ट नमूद आहेत. चोरट्या मालाविषयीच्या कलम १२३ मध्ये सोन्याच्या जोडीला घड्याळांचा नावाने उल्लेख आहे: जप्त झालेले घड्याळ चोरटे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ते सापडले त्याच्यावर. ज्या कायद्याने घड्याळाला सोन्याच्या पंक्तीला बसवले, त्या कायद्याला देशी घड्याळ कारखान्याचे महत्त्व कळत होते, असेच म्हणावे लागेल.

या उद्योगांतील कामगारही आपल्या हक्कांविषयी जागरूक होते. डिसेंबर १९८० ते मार्च १९८१ या काळात येथील सार्वजनिक उद्योगांतील सुमारे सव्वा लाख कामगारांनी ७७ दिवसांचा संप केला. वेतनाच्या प्रश्नावर ज्यांनी एवढी एकजूट दाखवली, त्यांच्या पायाखालची जमीन मात्र पुढच्या वीस वर्षांत वेतनाच्या टेबलावर सरकली नाही. ती सरकली सीमाशुल्काच्या दरपत्रकात.

१९९१ च्या जुलैमधील अर्थसंकल्पाने सीमाशुल्काचा कमाल दर १५० टक्क्यांवर आणला. तिथून तो वर्षागणिक खाली येत २००७ मध्ये बिगरशेती मालासाठी १० टक्क्यांवर पोहोचला. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे गॅट करारावर सही झाली. भारताच्या राज्यघटनेत आंतरराष्ट्रीय कराराला संसदेची पूर्वसंमती सक्तीची नाही. ही सही त्याच वाटेने झाली. डंकेल मसुद्याविरुद्ध २ ऑक्टोबर १९९३ रोजी बेंगळुरूलाच शेतकऱ्यांचा प्रचंड मेळावा भरला होता, पण दिल्लीच्या कानांवर तो आवाज गेला नाही. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि दूरसंचार उपकरणांसह २१७ प्रकारच्या मालावरील शुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचे बंधन पत्करले. त्याच वर्षी अमेरिकेने भारताच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. परकीय चलनाच्या अडचणीमुळे हे निर्बंध आवश्यक आहेत, ही भारताची भूमिका १९९९ मध्ये अपिलातही फेटाळली गेली. त्यानंतर १ एप्रिल २००१ पासून उरलेल्या ७१५ वस्तूंवरील निर्बंधही उठले.

टेलिफोन कारखान्याची स्थिती यातून काय झाली असेल हे वेगळे सांगायला नको. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने ग्रामीण भागासाठी देशी बनावटीचे एक्स्चेंज विकसित केले होते. धूळ, उष्णता आणि विजेचा लपंडाव सोसणारे ते यंत्र आयटीआयच्या कारखान्यात बनत होते. म्हणजे ज्ञान होते, कामगार होते, गरज तर होतीच. नेमक्या त्याच वेळी दार सताड उघडले गेले. घड्याळ कारखान्यांची अखेर जानेवारी २०१६ मध्ये झाली; एचएमटी वॉचेस कंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

या अपयशाचे सगळे खापर सीमाशुल्कावर फोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. क्वार्ट्‌झ घड्याळांची लाट एचएमटीच्या व्यवस्थापनाने वेळेवर ओळखली नाही. १९८७ पासून होसूरला उत्पादन सुरू करणाऱ्या टायटनने ती ओळखली आणि बाजार काबीज केला. नोकरशाहीचा ढिसाळपणा, गुंतवणुकीची उपासमार हेही खरेच. परंतु आजारी माणसाला औषध देण्याऐवजी त्याच्या खोलीचे दार हिवाळ्यात उघडे टाकणारा वैद्य ‘रोगी मुळातच अशक्त होता’ असे म्हणू लागला, तर त्याला निर्दोष कोण म्हणेल?

रामनगरचा बाजार आणि बीडचा शेतकरी

बेंगळुरूपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगर येथे रेशीम कोशांचा बाजार आहे. आशियातील मोठ्या कोश-बाजारांत त्याची गणना होते. केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्यालयही बेंगळुरूलाच. जालन्याला २०१८ मध्ये कोश-बाजार सुरू होईपर्यंत मराठवाड्यातील रेशीम उत्पादक आपला माल रात्रीच्या प्रवासाने रामनगरला नेत. तुतीचा पाला, कीटकांचे संगोपन, चार आठवड्यांची जागरणे आणि मग एका दिवसाचा लिलाव. कोश ठेवून देता येत नाही. आतला कीटक पतंग होऊन बाहेर पडला की धागा तुटला. भाव पडला तरी विकणे भाग.

अशा शेतकऱ्याचे नशीब २०११ च्या अर्थसंकल्पातील एका ओळीने फिरले. कच्च्या रेशमावरील आयातशुल्क ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणले गेले. चिनी रेशीम स्वस्त झाले, रामनगरला कोशांचे भाव कोसळले, कर्नाटकातील उत्पादक रस्त्यावर उतरले. दोन वर्षांनी, २०१३ च्या अर्थसंकल्पात, शुल्क ५ वरून १५ टक्के करण्यात आले. म्हणजे आधीचा निर्णय चुकला होता याची अर्धी कबुली मिळाली. मधल्या काळात ज्यांनी तुतीच्या बागा उपटून टाकल्या, त्यांच्या वाट्याला तेवढीही आली नाही.

सरकारचा बचाव ठरलेला होता: विणकराला सूत स्वस्त मिळावे म्हणून शुल्क उतरवले. या बचावाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. वाराणसीचा, कांचीपुरमचा, येवल्याचा विणकर हाही श्रमिकच आहे, आणि सूत महागले तर त्याचा माग थांबतो. पण एका गरिबाला जगवण्यासाठी दुसऱ्याला मारावे लागते, ही व्यवस्थेची अपरिहार्यता नव्हे, ती सत्ताधारी वर्गाने केलेली निवड आहे. सरकारने कोश रास्त भावात विकत घ्यावेत, सुताचा साठा करावा आणि विणकराला तो ठरावीक दराने पुरवावा, हा मार्ग अज्ञात नव्हता. कर्नाटक रेशीम विपणन मंडळ १९७९ पासून याच हेतूने अस्तित्वात आहे. अशा संस्थांना पुरेसे भांडवल द्यायला पैसा लागतो. अधिसूचना काढायला लागत नाही. म्हणून अधिसूचना निघते.

कापूस आत, कपडे बाहेर

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात हाच खेळ मोठ्या पटावर खेळला गेला. कापसाच्या आयातीवर २०२१ पासून ११ टक्के शुल्क होते. त्याची फोड वाचण्यासारखी आहे: ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आणि या दोहोंवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी १ टक्का. मूळ शुल्काच्या उत्पन्नात राज्यांचा वाटा असतो; उपकर आणि अधिभार यांत नसतो. शेतकऱ्याच्या आणि समाजकल्याणाच्या नावाने गोळा होणाऱ्या या रकमेवर महाराष्ट्राचा किंवा कर्नाटकाचा वाटणीचा हक्क नाही. दर तोच ठेवून त्याचे नाव बदलले, की राज्यांच्या तिजोरीला कात्री लागते, हे सीमाशुल्काच्या राजकारणाचे आणखी एक अंग आहे.

हे ११ टक्के शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून अधिसूचनेने स्थगित झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. विदर्भ-मराठवाड्यात, कलबुर्गी-रायचूरकडे, तेलंगणात कापूस बाजारात येतो तो नेमका ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात. त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला होता. एका हाताने हमीभाव जाहीर करायचा आणि दुसऱ्या हाताने ऐन हंगामात परदेशी कापसाला मोकळी वाट द्यायची, याला शेतकऱ्याची थट्टा म्हणायचे नाही तर काय? कापूस महामंडळाने सगळा माल हमीभावाने उचलला असता, तर गोष्ट निराळी. पण खरेदी केंद्रापर्यंत न पोहोचणाऱ्या, ओलाव्याच्या नावाखाली परत पाठवल्या जाणाऱ्या शेतकऱ्याला व्यापारी देईल तोच भाव घ्यावा लागतो, हे यवतमाळच्या कोणत्याही गावात ठाऊक आहे.

याच महिन्यात दुसरे दार बंद झाले. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियन तेलाच्या खरेदीचे निमित्त करून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, असे एकूण ५० टक्के जादा शुल्क लादले. साम्राज्यवाद सीमाशुल्काला शस्त्र म्हणून कसे वापरतो, याचे इतके उघडे उदाहरण क्वचितच मिळेल. १९९७ मध्ये ज्या देशाने भारताचे निर्बंध जागतिक व्यापाराच्या नियमांत बसत नाहीत म्हणून दावा लावला, त्याच देशाने आपली पाळी येताच नियमांची पुस्तके मिटून ठेवली. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ २०१९ च्या डिसेंबरपासून ठप्प पडले, तेही अमेरिकेने सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्यामुळेच.

बेंगळुरूच्या पीण्या, होसूर रस्ता, म्हैसूर रस्ता या भागांत तयार कपड्यांचे कारखाने आहेत. येथे काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, त्यांतल्या पुष्कळ जणी आसपासच्या जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आलेल्या. मागणी घटली की आधी जादा पाळी जाते, मग हंगामी कामगार जातात, मग कारखान्याचे फाटकच दुसऱ्या गावी जाते. मालकासाठी मात्र कायद्यात उशी ठेवलेली आहे. निर्यातीच्या मालात वापरलेल्या आयात सामग्रीवरचे शुल्क कलम ७५ अन्वये परत मिळते. बोलीभाषेत त्याला ‘ड्रॉबॅक’ म्हणतात. कापसावरील शुल्क उठवले तेही निर्यातदाराला धागा स्वस्त मिळावा याच सबबीखाली. मालकाला परतावा आहे, सवलत आहे. शिलाईयंत्रावरील बाईच्या गेलेल्या दिवसांच्या मजुरीचा परतावा कोणत्या कलमाखाली मागायचा?

भिंत उभी राहिली, पण कोणासाठी?

टेलिफोनच्या क्षेत्रात तर इतिहासाने विचित्र वळण घेतले. ज्या मालावरील शुल्क शून्य करून आयटीआयचा कणा मोडला, त्याच क्षेत्रात सरकारने २०१७ पासून पुन्हा भिंत बांधायला घेतली. मोबाइल फोनवर शुल्क बसले, फेब्रुवारी २०१८ मध्ये ते २० टक्के झाले आणि जुलै २०२४ मध्ये १५ टक्क्यांवर आले. याविरुद्ध युरोपीय संघ, जपान व तैवान यांनी केलेल्या तक्रारींवर जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा मंडळांनी एप्रिल २०२३ मध्ये भारताच्या विरोधात निष्कर्ष दिले. आपल्या देशात कोणते उद्योग असावेत हे ठरवण्याचा हक्क भारताला आहे आणि या प्रश्नावर परकीय दडपणाला विरोध केलाच पाहिजे.

पण या भिंतीच्या आत कोण उभे आहे, हेही पाहिले पाहिजे. या वेळी भिंतीमागे सार्वजनिक कारखाना उभा राहिला नाही. परदेशी कंपन्यांच्या फोनची जुळणी करणारे ठेकेदार आले. कोलार जिल्ह्यातील नरसापूर येथे आयफोन जुळवणाऱ्या विस्ट्रॉन कंपनीच्या कारखान्यात १२ डिसेंबर २०२० रोजी कामगारांच्या संतापाचा स्फोट झाला. थकलेले आणि कापलेले पगार हे त्याचे कारण होते. काही कामगारांना वेळेवर व योग्य वेतन मिळाले नाही, हे कंपनीलाही मान्य करावे लागले. त्यानंतर २०२३ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने कारखाने कायद्यात दुरुस्ती करून दिवसाला बारा तासांपर्यंत काम घेण्याची वाट मोकळी केली. सीमाशुल्काचे संरक्षण कंपनीला मिळाले. कामगाराला असलेले आठ तासांचे संरक्षण मात्र सैल झाले.

म्हणून ‘मुक्त व्यापार की संरक्षण’ हा प्रश्न भांडवलदारी वर्तमानपत्रे मांडतात तसा उचलून चालत नाही. ९ जानेवारी १८४८ रोजी ब्रुसेल्स येथे मार्क्सने याच विषयावर भाषण केले. इंग्लंडमधील धान्यकायदे नुकतेच रद्द झाले होते आणि स्वस्त पावाची लालूच दाखवून गिरणीमालक कामगारांना आपल्यामागे ओढत होते. मार्क्सने दाखवून दिले, की या व्यापारातील स्वातंत्र्य हे भांडवलाचे स्वातंत्र्य आहे; पाव स्वस्त झाला की मजुरीही खाली ओढली जाते. पण म्हणून त्याने संरक्षक जकातीची भलामणही केली नाही. भिंतीच्या आत वाढणारे भांडवलही भांडवलच असते. आपल्याकडील मक्तेदार घराण्यांनी परवाना राजवटीत बंद बाजाराची मलई खाल्ली आणि पुरेसे बलवान झाल्यावर तेच दार उघडा म्हणू लागले, हा अनुभव मार्क्सचे विवेचन येथेही खरे ठरवतो. श्रमिकांच्या दृष्टीने प्रश्न दराच्या आकड्याचा नाही. त्या दराने कोणाचे उत्पादन वाचते, कोणाची मजुरी वाढते, आणि तो दर ठरवताना त्यांना विचारले जाते की नाही, हा आहे.

समोरील कार्य

या विवेचनातून काही मागण्या स्पष्टपणे पुढे येतात. शेतमालावरील आणि मोठा रोजगार देणाऱ्या उद्योगांच्या मालावरील शुल्क कमी करणारी अधिसूचना संसदेच्या मंजुरीशिवाय अमलात येता कामा नये, आणि तिचा फटका कोणाला बसेल याचे लेखी निवेदन तिच्यासोबत असले पाहिजे. आंतरराष्ट्रीय व्यापार करारांना संसदेची पूर्वसंमती बंधनकारक केली पाहिजे; शेती, पाणी, आरोग्य हे राज्यांचे विषय असल्यामुळे राज्यांचे मतही घेतले पाहिजे. हंगामात शेतमालाचे आयातशुल्क उतरवायचे असेल, तर त्याआधी हमीभावाने संपूर्ण खरेदीची तजवीज झाली पाहिजे. उपकर आणि अधिभार यांच्या उत्पन्नात राज्यांना वाटा मिळाला पाहिजे. आणि सीमाशुल्काचे संरक्षण वा निर्यातीचा परतावा घेणाऱ्या प्रत्येक कंपनीवर किमान वेतन, कायम नोकरी आणि युनियनची मान्यता ही अट घातली पाहिजे. जी भिंत जनतेच्या पैशाने बांधली जाते, तिच्या आत जनतेचा कायदा चालला पाहिजे.

मागण्या लिहून ठराव मंजूर करणे सोपे आहे. त्यासाठी अभ्यासाची जी तयारी लागते ती कमी पडते, हे मान्य करून कामाला लागायला हवे. प्रत्येक जिल्ह्यातील पक्ष-शाखेने आपल्या भागातील मुख्य पीक आणि मुख्य उद्योग यांचे दरपत्रकातील प्रकरण कोणते, सध्याचा दर कोणता, सवलत कोणत्या अधिसूचनेने मिळाली आणि तिची मुदत कधी संपते, एवढी माहिती जवळ ठेवावी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अटींसह दिलेल्या सवलतींना सर्वसाधारणपणे सुमारे दोन वर्षांची मुदत लागू झाली आहे. म्हणजे प्रत्येक सवलतीचा फेरविचार कधी होणार, हे आधी कळू शकते आणि त्याआधीच आवाज उठवता येतो. किसान सभा आणि कामगार संघटना यांनी हा अभ्यास एकत्र बसून करावा. रेशीम उत्पादक आणि विणकर, कापूस उत्पादक आणि शिलाई कामगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव हाणून पाडायचा असेल, तर त्यांची पहिली भेट मोर्चात नव्हे, अशा अभ्यासवर्गात व्हायला हवी.

अधिसूचना ही दैवाची रेषा नव्हे, हे बेंगळुरूच्याच स्त्री-कामगारांनी देशाला दाखवून दिलेले आहे. भविष्य निर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असे फर्मावणारी अधिसूचना केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये काढली. १८ आणि १९ एप्रिल २०१६ रोजी तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो स्त्रिया यंत्रे सोडून होसूर रस्त्यावर आणि तुमकूर रस्त्यावर उतरल्या. त्यांच्यामागे मोठ्या संघटनेचे पाठबळ नव्हते, लाठ्या मात्र खाव्या लागल्या. १९ एप्रिललाच सरकारने ती अधिसूचना मागे घेतली. त्या स्त्रियांपैकी कितीजणींनी राजपत्र डोळ्यांनी पाहिले असेल? पण त्यातल्या ओळींचा अर्थ त्यांना नेमका कळला होता: आपला पैसा आपल्याला मिळणार नाही. सीमाशुल्काच्या ओळींचा अर्थही तितक्याच साध्या शब्दांत रामनगरच्या, यवतमाळच्या आणि पीण्याच्या श्रमिकांपर्यंत पोहोचवणे, हे पक्षाच्या प्रत्येक सभासदाचे काम आहे.